अमेरिकेंतील यादवी केव्हां संपली? : कागदपत्रांवरून एक कालनिर्णय

कोणतेंही युद्ध केव्हां सुरू झालें हें सांगणें बहुधा अवघड नसतें. तें केव्हां संपलें हें ठरवितांना मात्र संशोधकाची कसोटी लागते. एका सेनापतीनें शस्त्र खालीं ठेवल्याची मिती, राजधानी पडल्याची मिती, राज्यकर्त्यास कैद केल्याची मिती आणि जेत्यानें शांतता झाल्याचें जाहीर केल्याची मिती या चारही निराळ्या असूं शकतात, आणि चारींचे अस्सल कागद उपलब्ध असूं शकतात. अशा वेळीं कोणता कागद खरा हा प्रश्न उरत नाहीं. कोणत्या कागदानें नेमकें काय संपविलें, हा प्रश्न उरतो.

अमेरिकेंतील संयुक्त संस्थानांत १८६१ पासून जी यादवी माजली तिच्या समाप्तीची तारीख शालेय पुस्तकांतून ९ एप्रिल १८६५ अशी दिलेली आढळते. फुटून निघालेल्या दक्षिणी संस्थानांचा सरसेनापति रॉबर्ट ली हा त्या दिवशीं व्हर्जिनियांतील अ‍ॅपोमॅटॉक्स कोर्ट हाउस या खेड्यांत उत्तरेचा सरसेनापति युलिसिस ग्रँट यास शरण आला, ही गोष्ट निर्विवाद आहे. परंतु त्यानंतरही दक्षिणेचीं सैन्यें रणांत होतीं, दक्षिणेचा अध्यक्ष मोकळा होता, दक्षिणेचें जहाज समुद्रावर उत्तरेचीं गलबतें जाळीत होतें, आणि लक्षावधि माणसें अद्याप गुलामगिरींत होतीं. त्या यादवीच्या अखेरच्या पर्वांतील मुख्य मुख्य कागद मितीवार लावून त्यांचा अर्थ पाहावा, एवढाच या लेखाचा हेतु आहे. या विषयाचा आमच्या प्रांताशीं असलेला संबंध शेवटीं दाखविला आहे.

(१) पूर्वपीठिका

गुलामगिरीच्या विस्तारास विरोध करणाऱ्या पक्षाचा उमेदवार अब्राहम लिंकन हा नोव्हेंबर १८६० मध्यें अध्यक्ष म्हणून निवडून आला. त्यावर साउथ कॅरोलायना संस्थानानें २० डिसेंबर १८६० रोजीं संयुक्त संस्थानांशीं असलेला आपला संबंध तोडल्याचें जाहीर केलें. फेब्रुवारी १८६१ मध्यें फुटलेल्या संस्थानांनीं आपला निराळा संघ स्थापून जेफर्सन डेव्हिस यास अध्यक्ष नेमलें. १२ एप्रिल १८६१ रोजीं चार्ल्स्टन बंदरांतील सम्टर किल्ल्यावर दक्षिणेच्या तोफा सुरू झाल्या. पुढें फुटीर संस्थानांची संख्या ११ झाली व व्हर्जिनियांतील रिचमंड शहर त्यांची राजधानी ठरलें.

लिंकनच्या सरकारनें या संघास राष्ट्र म्हणून कधींही मान्यता दिली नाहीं. त्याच्या दृष्टीनें हें बंड होतें. तथापि बंदरांची नाकेबंदी, कैद्यांची अदलाबदल, वचनावर सुटका इत्यादि बाबतींत दोन राष्ट्रांमधील युद्धाचेच नियम पाळले गेले. बंडखोर कीं शत्रु, ही संदिग्धता चार वर्षें चालली, आणि पुढें दिलेल्या जवळजवळ प्रत्येक कागदांत तिची छाया दिसते.

मार्च १८६४ मध्यें ग्रँट उत्तरेच्या सर्व सैन्यांचा मुख्य झाला. त्यानें स्वतः लीचा पाठलाग धरला आणि पश्चिमेकडील सैन्य विल्यम शर्मन याच्या हातीं दिलें. मे व जून या दोन महिन्यांत व्हर्जिनियांत घनघोर लढाया होऊन अखेर ली पीटर्सबर्गच्या मोर्चांत कोंडला गेला. तेथील वेढा नऊ महिन्यांहून अधिक चालला. इकडे शर्मननें २ सप्टेंबर १८६४ रोजीं अटलांटा घेतलें, १५ नोव्हेंबरास तेथून कूच करून मार्गांतील रेल्वे, गिरण्या व धान्याचीं कोठारें उध्वस्त केलीं, आणि २१ डिसेंबरास समुद्रकिनाऱ्यावरील सॅव्हाना गांठलें. हें शहर त्यानें लिंकनला तारेनें नाताळची भेट म्हणून कळविलें; त्या तारेंत तोफांबरोबर सुमारें २५,००० रुईच्या गांठींचाही उल्लेख आहे. रुईच्या या गांठींचें महत्त्व मुंबईच्या वाचकांस पुढें कळेल. मधल्या काळांत, ८ नोव्हेंबर १८६४ रोजीं, लिंकन पुन्हां निवडून आला होता. त्यामुळें उत्तरेंत पक्षबदल होऊन तडजोड निघेल ही दक्षिणेची अखेरची आशा मावळली.

(२) तहाची बोलणीं व राजधानीचा पाडाव

३ फेब्रुवारी १८६५ रोजीं हॅम्प्टन रोड्स येथें एका आगबोटीवर लिंकन व त्याचा परराष्ट्रमंत्री सिवर्ड यांची दक्षिणेच्या तीन वकिलांशीं भेट झाली. दक्षिणेचे वकील दोन देशांतील तह मागत होते. लिंकन एकाच देशांत शांतता करूं पाहात होता. बोलणीं फिसकटलीं. तीनच दिवसांपूर्वीं, ३१ जानेवारीस, उत्तरेच्या प्रतिनिधिसभेनें गुलामगिरी सर्वत्र बंद करणारी राज्यघटनेची तेरावी दुरुस्ति संमत केली होती. १३ मार्च रोजीं दक्षिणेच्या काँग्रेसनें नीग्रो लोकांस सैन्यांत घेण्याचा कायदा केला. ज्या व्यवस्थेच्या रक्षणासाठीं शस्त्र उपसलें तिचाच पाया या कायद्यानें उखडला गेला. परंतु तोंपर्यंत उत्तरेच्या सैन्यांत सुमारें १,८०,००० नीग्रो शिपाई भरती झालेले होते.

१ एप्रिलास फाइव्ह फोर्क्सची लढाई दक्षिणेनें गमावली व २ एप्रिलास पीटर्सबर्गचे मोर्चे फुटले. त्या दिवशीं रविवार होता. डेव्हिस रिचमंडच्या देवळांत प्रार्थनेस बसला असतां, राजधानी रिकामी करावी लागेल असा लीचा निरोप त्यास मिळाला. रात्रीं तो आपल्या मंत्र्यांसह आगगाडीनें डॅनव्हिल येथें निघून गेला. माघार घेतांना तंबाखूचीं कोठारें पेटविण्यांत आलीं. ती आग पसरून शहराचा व्यापारी भाग खाक झाला. ३ एप्रिलास सकाळीं उत्तरेचें सैन्य शहरांत शिरलें. त्यांत नीग्रो पलटणीही होत्या. दुसऱ्या दिवशीं लिंकन स्वतः शहर पाहून गेला.

या गडबडींत दक्षिणेच्या सरकारी दप्तराची जी वाताहत झाली ती आमच्या वाचकांनीं लक्षांत घेण्याजोगी आहे. कांहीं कागद रस्त्यांत ढीग करून जाळले गेले, कांहीं कचेऱ्यांबरोबर जळाले, आणि कांहीं पेट्यांत भरून दक्षिणेकडे रवाना झाले. युद्धखात्याचें बरेंचसें दप्तर नॉर्थ कॅरोलायनांतील शार्लट येथें पोंचलें होतें. तेथील सैन्य शरण आल्यावर तें उत्तरेच्या अधिकाऱ्यांच्या स्वाधीन झालें व वॉशिंग्टनला गेलें. त्याच्या व्यवस्थेसाठीं १८६५ मध्येंच एक स्वतंत्र कचेरी काढून तिच्यावर फ्रान्सिस लीबर या विद्वानाची नेमणूक झाली; युद्धांतील आचरणाचे नियम १८६३ मध्यें उत्तरेच्या सैन्यासाठीं यानेंच रचले होते. परराष्ट्रखात्याचे कागद मात्र खाजगी हातांत राहिले. जॉन पिकेट नामक गृहस्थामार्फत ते १८७२ मध्यें संयुक्त संस्थानांच्या सरकारनें ७५,००० डॉलर देऊन विकत घेतले, म्हणून त्यांस पिकेट कागद म्हणतात.

एवढी रक्कम केवळ इतिहासप्रेमानें मोजली गेली असें नाहीं. आपण युद्धकाळीं सरकारशीं एकनिष्ठ होतों असें सांगून नुकसानभरपाई मागणारे दक्षिणेंत पुष्कळ होते. त्यांच्यापैकीं कोणीं बंडखोर सरकारला माल विकला होता हें त्याच सरकारच्या दप्तरांतून पडताळून पाहातां येई. १८१८ मध्यें पेशव्यांचें दप्तर इंग्रजांच्या हातीं गेल्यावर इनामें व वतनें यांच्या चौकशीसाठीं त्याचा कसा उपयोग झाला, हें आम्हांस ठाऊक आहे. पराभूताचें दप्तर जेता जपून ठेवतो तें प्रथम आपल्या हिशेबासाठीं. इतिहासाचा लाभ मागाहून होतो. अमेरिकेंत तो लवकर झाला. दोन्ही पक्षांचे लष्करी कागद एकत्र छापण्याचें काम हातीं घेऊन १९०१ पर्यंत त्याचे १२८ भाग पुरे करण्यांत आले. आमच्याकडे सरदेसायांच्या संपादकत्वाखालीं पेशवे दप्तराचे निवडक ४५ भाग निघाले ते १९३० नंतर, म्हणजे शंभरांहून अधिक वर्षांनीं.

(३) अ‍ॅपोमॅटॉक्सचा कागद

६ एप्रिलास सेलर्स क्रीकच्या लढाईंत लीचे हजारों लोक पाडाव झाले. दुसऱ्या दिवसापासून ग्रँट व ली यांचा पत्रव्यवहार सुरू झाला व ९ तारखेस, शके १७८७ च्या चैत्र शुद्ध पक्षांत, विल्मर मॅक्लीन याच्या घरीं दोघांची गांठ पडली. हा मॅक्लीन १८६१ मध्यें मॅनॅससजवळ राहात असे. पहिली मोठी लढाई त्याच्या शेतांत झाली म्हणून तो लांब खेड्यांत येऊन राहिला होता.

दोन सेनापति एकाच तहनाम्यावर सह्या करीत आहेत अशीं चित्रें पुष्कळ ठिकाणीं पाहावयास मिळतात. तीं चुकीचीं आहेत. दोघांच्या सह्यांचा असा एक कागद त्या दिवशीं झालाच नाहीं. ग्रँटनें आपल्या हुकुमांच्या वहींत पेन्सिलीनें लीस उद्देशून एक पत्र लिहिलें. त्यांत अटी होत्या. त्या पत्राची शाईची प्रत ग्रँटचा कारकून-अधिकारी ईली पार्कर यानें केली. हा सेनेका जातीचा मूळ अमेरिकन गृहस्थ होता. लीनें निराळ्या पत्रानें त्या अटी मान्य असल्याचें कळविलें. म्हणजे हा व्यवहार दोन पत्रांचा आहे. तपशिलाचा करार दोन्हीकडच्या तीन तीन अधिकाऱ्यांनीं मिळून दुसऱ्या दिवशीं केला.

अटी थोडक्यांत अशा होत्या : अधिकारी व शिपाई यांच्या याद्या दुहेरी कराव्या, पुन्हां शस्त्र न धरण्याचें वचन प्रत्येकानें द्यावें, तोफा, बंदुका व सरकारी माल स्वाधीन करावा, अधिकाऱ्यांनीं आपलीं कंबरेचीं शस्त्रें, खाजगी घोडे व सामान ठेवावें, आणि मग सर्वांनीं घरोघर जावें. शेवटचें वाक्य सर्वांत महत्त्वाचें आहे. हे लोक आपलें वचन व आपल्या राहत्या ठिकाणचे कायदे पाळतील तोंपर्यंत संयुक्त संस्थानांच्या सरकारकडून त्यांस उपद्रव होणार नाहीं, असें त्यांत म्हटलें आहे.

एक गोष्ट कागदांत नाहीं, ती येथें नोंदली पाहिजे. दक्षिणेच्या घोडदळांतील व तोफखान्यांतील शिपायांचे घोडे त्यांचे स्वतःचे असत. लीनें तें सांगितल्यावर ग्रँटनें लिहिलेला मजकूर बदलला नाहीं. पण आपलें जनावर मागणाऱ्या प्रत्येक शिपायास तें नेऊं द्यावें, असें आपल्या अधिकाऱ्यांस तोंडीं सांगण्याचें कबूल केलें, कारण नांगरटीचे दिवस आले होते. नुसत्या कागदावरून निष्कर्ष काढणारा संशोधक अधिकाऱ्यांचेच घोडे सुटले असें लिहील आणि चुकेल.

त्याच खेड्यांतील एका खाणावळींत छापखाना मांडून वचनावर सुटल्याच्या चिठ्ठ्या छापण्यांत आल्या. सुमारें २८,००० लोकांना त्या मिळाल्या. ही चिठ्ठी दाखविली कीं वाटेंत उत्तरेच्या छावणींत शिधा मिळे व कोणी अटकाव करीत नसे. हातावेगळा सहज होणारा हा कपटा पुष्कळ घरांतून पिढ्यान्‌पिढ्या जपला गेला, तो त्यामुळेंच. मॅक्लीनच्या दिवाणखान्यांतील मेजें व खुर्च्या मात्र उत्तरेच्या अधिकाऱ्यांनीं तेव्हांच आठवण म्हणून उचलून नेल्या. वस्तुसंग्राहकांचा हा उत्साह सर्व देशांत सारखाच आहे.

(४) दोन करार : एक नामंजूर, एक मंजूर

१४ एप्रिलास रात्रीं नाटकगृहांत लिंकनवर गोळी झाडण्यांत आली व १५ तारखेस तो मृत्यु पावला. याच सुमारास नॉर्थ कॅरोलायनांत बेनेट नांवाच्या शेतकऱ्याच्या घरीं शर्मन व दक्षिणेचा सेनापति जोसेफ जॉन्स्टन यांचें बोलणें चाललें होतें. १८ एप्रिलास त्यांनीं सह्या केलेला करार अ‍ॅपोमॅटॉक्सहून अगदीं निराळा होता. दक्षिणेच्या संस्थानांचीं सरकारें निष्ठेची शपथ घेतल्यावर मान्य करावीं, शस्त्रें त्या त्या संस्थानाच्या शस्त्रागारांत ठेवावीं, लोकांचे राजकीय हक्क व मालमत्ता कायम राखावी, अशीं त्यांत कलमें होतीं. गुलामगिरीचा त्यांत उल्लेखच नव्हता.

मालमत्ता या शब्दांत दक्षिणेचा जमीनदार काय काय धरीत होता हें ज्यास ठाऊक आहे, त्यास या मौनाचा अर्थ सांगावयास नको. वॉशिंग्टनच्या सरकारनें करार तत्काळ फेटाळला. ग्रँट स्वतः शर्मनच्या छावणीस आला. आणि २६ एप्रिलास त्याच घरीं, केवळ लष्करी अटींवर, जॉन्स्टन शरण आला. त्याच्या हुकमतीखालील सुमारें ८९,००० लोक या करारांत आले. संख्येनें पाहातां लीच्या शरणागतीपेक्षां ही कितीतरी मोठी आहे, तरी लोकांच्या स्मरणांत ती दुय्यम राहिली. १८ एप्रिलचा करार टिकता तर युद्ध थोडें आधीं संपतें, आणि ज्या प्रश्नासाठीं लक्षावधि माणसें मेलीं तो प्रश्न अनुत्तरितच राहता.

(५) उरलेल्या मित्या

यानंतरच्या घटना मितीवार अशा :

४ मे १८६५ : अलाबामांतील सिट्रोनेल येथें रिचर्ड टेलरचें सैन्य शरण आलें.

१० मे : जॉर्जियांत अर्विन्व्हिलजवळ अध्यक्ष डेव्हिस कैद झाला.

१२ व १३ मे : टेक्सासच्या दक्षिण टोंकास पामिटो रँच येथें चकमक झाली. ही या यादवींतील अखेरची भूमीवरील लढाई समजतात. लीच्या शरणागतीची बातमी तेथें पोंचली होती. तरी लढाई झाली, आणि ती दक्षिणेनें जिंकली.

२६ मे व २ जून : मिसिसिपीच्या पलीकडील सैन्याच्या शरणागतीच्या अटींवर न्यू ऑर्लिन्स येथें प्रथम बक्नर यानें, व नंतर गॅल्व्हेस्टन बंदरांत मुख्य सेनापति कर्बी स्मिथ यानें सही केली.

२३ जून : चेरोकी जातीचा सेनापति स्टँड वॉटी शरण आला. दक्षिणेचा शस्त्र ठेवणारा हा शेवटचा सेनापति.

६ नोव्हेंबर : दक्षिणेच्या ‘शेनंडोआ’ या लढाऊ जहाजानें इंग्लंडांतील लिव्हरपूल बंदरांत निशाण उतरविलें. जून महिन्याच्या अखेरीस तें बेरिंगच्या समुद्रांत उत्तरेचीं देवमासे धरणारीं गलबतें पकडीत होतें. युद्ध संपल्याची खात्रीची बातमी त्यास २ ऑगस्टास एका इंग्लिश जहाजाकडून मिळाली.

या सर्व लष्करी मित्या झाल्या. कायद्याची मिती निराळी आहे. लिंकनच्या मागून अध्यक्ष झालेल्या अँड्र्यू जॉन्सन यानें २ एप्रिल १८६६ रोजीं टेक्सासखेरीज सर्व संस्थानांत बंड मोडल्याचा जाहीरनामा काढला, व २० ऑगस्ट १८६६ रोजीं टेक्साससह सर्वत्र शांतता झाल्याचा दुसरा जाहीरनामा काढला. पुढें ‘प्रोटेक्टर’ जहाजाच्या खटल्यांत अपिलाची मुदत मोजण्याचा प्रश्न वरिष्ठ न्यायालयापुढें आला. न्यायालयानें युद्धाचा आरंभ नाकेबंदीच्या जाहीरनाम्यांपासून व शेवट जॉन्सनच्या या दोन जाहीरनाम्यांपासून धरला. अर्थात् कायद्याच्या दृष्टीनें यादवी अ‍ॅपोमॅटॉक्सनंतर सोळा महिन्यांनीं संपली, आणि तीही सर्व संस्थानांत एकाच दिवशीं नव्हे.

(६) ज्यांच्यासाठीं मिती महत्त्वाची होती

आतांपर्यंत सेनापति व सरकारें यांच्या मित्या पाहिल्या. १८६० मध्यें दक्षिणेंत व सीमेवरील संस्थानांत मिळून सुमारें ४० लाख लोक गुलाम होते. त्यांची मिती कोणती? लिंकनचा मुक्ततेचा जाहीरनामा १ जानेवारी १८६३ चा. पण तो बंडखोर मुलखापुरताच होता, व जेथें उत्तरेचें सैन्य पोंचेल तेथेंच तो खरा होई. टेक्सासमध्यें सैन्य पोंचलें तें युद्ध संपल्यावर. १९ जून १८६५ रोजीं गॅल्व्हेस्टन येथें गॉर्डन ग्रेंजर या सेनापतीच्या नांवें तिसरा सामान्य हुकूम निघाला. सर्व गुलाम मुक्त आहेत, धनी व गुलाम हें नातें जाऊन मालक व पगारी मजूर हें नातें आलें आहे, असें त्यांत स्पष्ट म्हटलें आहे. मुक्त झालेल्यांनीं आपापल्या ठिकाणीं शांतपणें राहून मजुरीनें काम करावें, लष्करी ठाण्यांवर जमूं नये, असाही उपदेश त्याच हुकुमांत आहे. जाहीरनाम्यापासून या हुकुमापर्यंत जवळजवळ अडीच वर्षें गेलीं. तितका काळ टेक्सासमधील गुलाम कागदावर मुक्त होते व शेतावर गुलाम होते.

या हुकुमाची लष्करी नोंदवहींतील हस्तलिखित प्रत वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय दप्तरखान्यांत असल्याचें २०२० मध्यें प्रसिद्ध झालें, व दुसऱ्या वर्षीं १९ जून हा दिवस तेथें राष्ट्रीय सुटीचा ठरला. तथापि केंटकी व डेलावेअर हीं संस्थानें बंडांत सामील नव्हतीं, म्हणून जाहीरनामा त्यांस लागू नव्हता. तेथील उरलीसुरली गुलामगिरी तेरावी दुरुस्ति पुरेशा संस्थानांनीं मान्य केल्यावर, म्हणजे ६ डिसेंबर १८६५ रोजीं, संपली.

(७) एका शपथपत्राची कथा

अ‍ॅपोमॅटॉक्सच्या त्या शेवटच्या वाक्याचें काय झालें? जून १८६५ मध्यें नॉर्फोक येथें लीवर राजद्रोहाचा आरोप ठेवण्यांत आला. ग्रँटनें आपल्या सहीच्या पत्राचा आधार घेऊन, वचन पाळणाऱ्या माणसावर खटला चालवितां येणार नाहीं असें अध्यक्षास निक्षून सांगितलें, आणि प्रसंगीं राजीनामा देण्याची तयारी दाखविली. खटला पुढें चालला नाहीं. युद्धभूमीवर पेन्सिलीनें लिहिलेल्या एका ओळीनें पराभूत सेनापतीस फांसापासून वांचविलें.

नागरिकत्वाचे हक्क मात्र वेगळे होते. त्यासाठीं लीनें जून महिन्यांत अर्ज केला व २ ऑक्टोबर १८६५ रोजीं निष्ठेच्या शपथपत्रावर सही केली. त्याच दिवशीं त्यानें लेक्झिंग्टन येथील एका महाविद्यालयाचें अध्यक्षपद स्वीकारलें. १८७० मध्यें तो वारला तोंपर्यंत त्याच्या अर्जाचा निकाल लागला नव्हता. पुढें शंभर वर्षें हें शपथपत्र कोणाच्या पाहाण्यांत आलें नाहीं. १९७० मध्यें तें राष्ट्रीय दप्तरखान्यांत परराष्ट्रखात्याच्या कागदांमध्यें सांपडलें. त्यावरून काँग्रेसनें ठराव केला व ५ ऑगस्ट १९७५ रोजीं अध्यक्ष फोर्ड यांनीं त्यावर सही करून लीस मरणोत्तर नागरिकत्व परत दिलें. डेव्हिसला दोन वर्षें कैदेंत ठेवलें होतें. त्याच्यावरील खटला १८६८ च्या नाताळांतील सर्वमाफीनंतर काढून घेण्यांत आला. एक कागद दप्तरांत कोठें ठेवला जातो यावर माणसाची कीर्ति किती अवलंबून असते, याचें याहून चांगलें उदाहरण आम्हांस आठवत नाहीं.

(८) मुंबईची मिती

आतां आमच्या प्रांताकडे वळूं. दक्षिणेच्या बंदरांस नाकेबंदी पडल्यामुळें लँकेशायरच्या गिरण्यांस अमेरिकन रुई मिळेनाशी झाली व हिंदुस्थानच्या रुईस अपूर्व भाव आला. खानदेश, वऱ्हाड, गुजराथ, धारवाड येथील कापूस मुंबईस लोटला; मुंबईंत सोन्याचांदीचा पूर आला; पेढ्या, बँका व समुद्र हटवून जमीन करण्याच्या कंपन्या निघाल्या. बॅक बे कंपनीचे भाग कित्येक पटींनीं विकले गेले. प्रेमचंद रायचंद हा या उलाढालींचा मुकुटमणि. विद्यापीठाचें ग्रंथालय व राजाबाई मनोरा यांस त्यानें देणग्या दिल्या त्या याच वैभवांतून. अमेरिकेंत तहाचें नुसतें बोलणें निघालें तरी येथें भाव डळमळत. १८६५ च्या वसंतांत दक्षिण पडल्याची बातमी आली आणि रुईचे भाव कोसळले. मुदतीच्या सौद्यांचा वायदा १ जुलै १८६५ हा होता. त्या दिवशीं मोठमोठ्या पेढ्या बुडाल्या, आणि पुढें १८६८ मध्यें जुनी बाँबे बँकही गुंडाळावी लागली. मुंबईच्या व्यापाऱ्यास विचारलें असतें तर त्यानें अमेरिकेंतील यादवी १ जुलैस संपली असें सांगितलें असतें.

दुसरी एक मराठी साक्ष याहून मोलाची आहे. जोतीराव फुले यांनीं १८७३ मध्यें ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला व तो संयुक्त संस्थानांतील सदाचारी जनांस, नीग्रो लोकांस दास्यांतून मुक्त करण्याच्या कामीं त्यांनीं दाखविलेल्या निरपेक्ष वृत्तीबद्दल, अर्पण केला. रुईच्या भावाशीं त्यांस कर्तव्य नव्हतें. सात समुद्रांपलीकडील त्या युद्धांत संपलें काय, हें त्यांनीं अर्पणपत्रिकेंत नोंदविलें.

(९) निर्णय

वरील सर्व कागद एकमेकांशेजारीं मांडून आमचें मत असें झालें आहे. लीच्या सैन्यापुरती ९ एप्रिल १८६५ ही तारीख खरी आहे. दक्षिणेच्या लष्करी प्रतिकाराची समाप्ति २ जूनची धरावी. वॉटीची शरणागति व ‘शेनंडोआ’ हीं तिचीं शेषें होत. कायद्यानें शांतता २० ऑगस्ट १८६६ पासून. परंतु हें युद्ध ज्या कारणानें पेटलें तें कारण ६ डिसेंबर १८६५ रोजीं नाहींसें झालें, आणि एकच मिती द्यावयाची तर हीच द्यावी असें आम्हांस वाटतें. युद्धांतील मृतांचा जुना आंकडा ६,२०,००० आहे व जनगणनेवरून केलेले अलीकडचे अंदाज त्याहून वरचे आहेत. एवढे प्राण कशासाठीं गेले याचें उत्तर ज्या मितींत आहे ती मिती सोडून, दोन सेनापतींच्या सौजन्याची मिती तेवढी पाठ करणें बरोबर नव्हे. मुक्त झालेल्यांचे हक्क पुढें दक्षिणेंत बहुतांशीं हिरावले गेले, हें खरें आहे. तो निराळ्या लेखाचा विषय होईल.

जातां जातां आमच्या संग्राहक बंधूंस एक विनंति आहे. मुंबई, खानदेश, वऱ्हाड व धारवाड या भागांतील जुन्या पेढ्यांच्या चोपड्या, रोजकीर्दी, हुंड्या व व्यापारी पत्रें अद्याप अनेक घरांच्या माळ्यांवर पडून आहेत. शके १७८६ व १७८७ या सालच्या कागदांत अमेरिकेंतील लढाईची, तहाच्या वावड्यांची किंवा रुईच्या उतरलेल्या भावाची नोंद आढळल्यास तिची मितीसह नक्कल करून ठेवावी. कोणत्या गांवीं ती बातमी कोणत्या दिवशीं पोंचली व त्या दिवशीं कोणाच्या घरीं काय बुडालें, हें त्यावरून कळेल. असे कागद रद्दींत गेले म्हणजे परत मिळत नाहींत. लीचें शपथपत्र शंभर वर्षांनीं सांपडलें, कारण तें चुकीच्या ठिकाणीं कां होईना, पण दप्तरखान्यांत होतें.